वॉटसनचा खांदा : फॅन फिक्शनमधील दुखापती खऱ्या वाटाव्यात म्हणून

पात्राला जखमी करणे हा फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या कथेतील पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथा, लिहिणाऱ्यांचा आवडता प्रसंग आहे आणि त्यामागे सबळ कारण आहे. एरवी मनातले न बोलणारी माणसे जखमी सोबत्याच्या उशाशी बसली की बोलू लागतात. परंतु अनेक कथांमध्ये गोळी लागते, लगेच पट्टी बांधली जाते आणि पुढच्याच प्रकरणात तेच पात्र भिंतीवरून उडी मारते. मग वाचकाला त्या गोळीचे काही वाटत नाही आणि उशाशी झालेल्या संवादाचेही वाटत नाही. दुखापत लिहिण्यापूर्वी तिचे पुढचे काही महिने ठरवून ठेवावेत, एवढाच माझा मुख्य आग्रह आहे. तो स्पष्ट करण्यासाठी शेरलॉक होम्सच्या कथाविश्वाचे उदाहरण घेतो, कारण तेथे निवेदकच एक जखमी लष्करी डॉक्टर आहे.

मूळ कथेत काय आहे ते आधी नीट पाहावे. 1887 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसन मुंबई बंदरात उतरून अफगाणिस्तानात जातो आणि मैवंदच्या लढाईत जेझाईल या लांब नळीच्या अफगाणी बंदुकीच्या गोळीने त्याच्या खांद्याचे हाड फुटते. गोळी कॉलरबोनखालच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाखालच्या, मोठ्या धमनीला घासून जाते. ही लढाई 27 जुलै 1880 रोजी खरोखरच झाली होती आणि तीत मुंबई इलाख्याच्या फौजेतील पलटणीही होत्या, त्यामुळे मराठी लेखकाला त्या रणांगणावर स्वतःचे एखादे पात्र उभे करण्यास पुरेशी जागा आहे. वॉटसनचा मदतनीस मरे त्याला ओझ्याच्या घोड्यावर टाकून वाचवतो, पेशावरच्या इस्पितळात तो सुधारू लागतो, तेवढ्यात विषमज्वर गाठतो आणि अनेक महिने जीव टांगणीला लागतो. लंडनला परतल्यावरही त्याचा डावा हात ताठर आहे हे होम्सला पहिल्याच भेटीत दिसते. आर्थर कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होते; इजा नेमकी कशाला झाली, जखमीला कोणी हलवले, मध्येच कोणती गुंतागुंत उद्भवली आणि शेवटी शरीरात काय उरले, हे सारे त्यांनी मोजक्या ओळींत सांगून टाकले. पुढच्या कादंबरीत मात्र हीच जखम पायात गेलेली दिसते. आपण कोणती जखम मानतो, की दोन्ही मानतो, हे लेखकाने आरंभीच ठरवावे. माझ्या मते दोन्ही मानणे अधिक फलदायी आहे, कारण मग वॉटसनचे चालणे, जिने चढणे आणि झोपणे या सगळ्यांना इतिहास मिळतो.

खांदा ही गोळी लागण्यासाठी सुरक्षित जागा आहे, हा समज सर्वप्रथम सोडावा. कॉलरबोनच्या खालून हाताला रक्त पुरवणारी मोठी धमनी जाते, शेजारून हाताचे मज्जातंतू जातात आणि फुप्फुसाचे टोक तेथवर पोहोचलेले असते. ती धमनी पूर्ण तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. मज्जातंतू दुखावले तर हाड जुळल्यानंतरही बोटे बधिर राहतात किंवा मूठ घट्ट वळत नाही. वॉटसनची धमनी तुटली नाही, तिला गोळी केवळ घासून गेली, म्हणून पुढच्या सगळ्या कथा शक्य झाल्या.

रक्तस्रावाचे वर्णन करताना रक्ताच्या थारोळ्यापेक्षा माणसाकडे पाहावे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारण 5 लिटर रक्त असते. त्यातील पाऊण लिटरपर्यंत गेले तरी बाहेरून फारसे काही जाणवत नाही. दीड लिटरच्या आसपास नाडी वेगाने धावते, चेहरा पांढराफटक पडतो, घाम थंड येतो आणि तहान लागते. दोन लिटरच्या पुढे माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा ग्लानीत जातो आणि जीव धोक्यात असतो. जखमी पात्र शुद्धीवर असताना लांबलचक, सुसंगत कबुली देत असेल, तर त्याचे रक्त अजून बेताचेच गेले आहे असे लेखकाने मानले पाहिजे. वेदना मात्र पहिल्या क्षणी जाणवेलच असे नाही, झटापटीच्या भरात अनेकांना ती नंतरच कळते.

डोक्यावर फटका मारून पात्राला तासभर बेशुद्ध ठेवणे आणि मग ताजेतवाने उठवणे हे टाळावे. काही मिनिटांहून अधिक काळ शुद्ध हरपली तर मेंदूला गंभीर इजा झाल्याची शक्यता असते. सौम्य इजेतही उलट्या, डोकेदुखी, प्रकाश सहन न होणे आणि फटक्याच्या आसपासचे काही न आठवणे ही लक्षणे दिसतात आणि ती कित्येक दिवस, कधी आठवडे टिकतात. होम्ससारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या पात्राला आपला तर्क अर्ध्यावर तुटल्याचे जाणवणे यात किती मोठी कथा दडलेली आहे!

उपचार कथेच्या काळाशी जुळले पाहिजेत. 1880च्या दशकात क्लोरोफॉर्म आणि मॉर्फिन होते, ब्रिटिश शल्यचिकित्सक लिस्टर यांची कार्बोलिक आम्ल वापरून जखम निर्जंतुक करण्याची पद्धत 1867पासून माहीत होती, परंतु क्ष-किरणांचा शोध 1895चा, रक्तगटांचा 1901चा आणि पेनिसिलिनचा 1928चा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर 2 जुलै 1881 रोजी गोळी झाडली गेली. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखमेत गोळी शोधली, जंतुसंसर्ग पसरला आणि 19 सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा होम्स-वॉटसनच्या बेकर स्ट्रीटवरच्या घरातील टेबलावर ब्रँडी ओतून गोळी उपसून काढली, तर काही दिवसांत जखमेभोवती लाली, पू आणि ताप येण्याची भीती लेखकाने आणि वॉटसननेही बाळगावी. कथा आजच्या लंडनमध्ये घडत असेल तर गोळी काढण्याचा आटापिटाही अनेकदा अनावश्यक ठरतो. ती धोकादायक जागी नसेल तर शल्यचिकित्सक तिला आतच राहू देतात. घुसलेला चाकू मात्र जागच्या जागी उपसू नये, कारण तोच पुष्कळदा रक्त थोपवून धरत असतो.

वेळेचा हिशेब येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. कॉलरबोन किंवा बरगडी जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, नडगी किंवा मांडीच्या हाडाला तीन ते सहा महिने. हाड जुळले म्हणजे हात पूर्ववत झाला असे नाही. तो गळ्यात बांधलेला असताना स्नायू रोडावतात, सांधा आखडतो आणि व्यायामाने तो पुन्हा मोकळा करावा लागतो. या काळात वॉटसनला कोटाची बाही चढवता येणार नाही, बुटाची नाडी बांधता येणार नाही, ताटातले मांस कापता येणार नाही, डाव्या कुशीवर झोपता येणार नाही. फुटलेल्या बरगडीचा माणूस हसायला, खोकायला आणि खोल श्वास घ्यायला घाबरतो. हेच तपशील जवळीक निर्माण करतात: मदत मागणे डॉक्टरला अवघड जाते, न मागता केलेली मदत त्याला खुपते आणि शुश्रूषा करणाराही थकतो, चिडतो. पुढे अनेक वर्षांनी हवा बदलली की पाय ठणकतो, असे डॉयल यांचा वॉटसन स्वतः सांगतो.

याउलट, मोठ्या भावनेसाठी मोठी जखम हवीच असे नाही. डॉयल यांच्याच तीन गॅरिडेबांच्या कथेत वॉटसनच्या मांडीला गोळी लागते, होम्स चाकूने विजार फाडून पाहतो आणि जखम वरवरचीच निघते. होम्सला वॉटसन किती प्रिय आहे, हे वाचकाला त्या काही क्षणांच्या भीतीतून कळते. आपल्या प्रसंगाला पुरेल एवढीच लहान दुखापत निवडावी. मग ती निभावणेही सोपे जाते.

मसुदा पूर्ण झाल्यावर केवळ जखमी अवयवाच्या दृष्टीने तो एकदा वाचून काढावा. इजेनंतर कथेत किती दिवस गेले ते समासात लिहावे आणि दार ढकलणे, जिना चढणे, मिठी मारणे, पिस्तूल उचलणे अशा प्रत्येक कृतीपाशी थांबून, ती त्या दिवशी त्या हाताने किंवा पायाने जमली असती का, हे तपासावे. जमली नसती तर ती कृती दुसऱ्या हाताला द्यावी, दुसऱ्या पात्राला द्यावी किंवा कथेतील तारीख पुढे ढकलावी.