मेमरी चिप वाचायची तर क्लॉक आधी सावकाश चालवा

भाचा रामबागेत आमच्याकडे आला तो ब्रेडबोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळूनच. गच्चीवरचं तापमान दर मिनिटाला फ्लॅश चिपमध्ये, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या मेमरी चिपमध्ये, साठवायचं, असा त्याचा कॉलेजचा प्रकल्प. "मामा, चिपच खराब निघाली. ओळख विचारली की भलतंच सांगते." स्क्रीनवर होतं एफ७ ए० ०बी. यायला हवं होतं ईएफ ४० १७ (हे आकडे सोळाच्या, म्हणजे हेक्स पद्धतीतले; त्यात ए ते एफ हेही अंकच). चिप अगदी ठणठणीत होती. ती उत्तर देत होती आणि आपण ते क्षणभर आधीच बघत होतो, एवढंच.

या विषयाची भीती वाटते ती डेटाशीटमधल्या, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकातल्या, टायमिंगच्या आकृत्या बघून. पण अशा चिपमध्ये क्लॉक, म्हणजे एका पिनवर ३.३ व्होल्ट आणि शून्य यांच्यात वर-खाली होणारा ठोका, आपल्या हातात असतो. आपण ठोका दिल्याशिवाय चिप पुढे सरकत नाही, आणि ठोका कितीही हळू दिला तरी तिची तक्रार नसते. हे एकदा पटलं की निम्मं काम झालं.

आधी जोडणी. इथे डब्ल्यू२५क्यू६४ ही आठ पायांची चिप धरली आहे. ती ३.३ व्होल्टची आहे, म्हणून ५ व्होल्टच्या आर्डुइनो उनोला थेट जोडू नका; रास्पबेरी पाय पिको किंवा ईएसपी३२ घ्या. जुन्या मदरबोर्डवरून काढलेली चिप असेल तर अंगावरचा नंबर नक्की बघा, कारण दिसायला अगदी अशाच १.८ व्होल्टच्या चिपाही असतात. नंबर फार बारीक असतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. राइट प्रोटेक्ट (लिहिणं अडवणारी) आणि होल्ड (चिपला थांबवून ठेवणारी) या दोन पिना मोकळ्या सोडू नका, ३.३ व्होल्टला बांधा. पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये, चिपला अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

आता मुख्य गोष्ट. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात तेव्हा देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा क्षण वेगळा असतो, म्हणून घमेलं पडत नाही. इथेही तसंच. क्लॉक खाली येतो तेव्हा चिप नवा बिट, म्हणजे एक किंवा शून्य, वायरवर ठेवते. क्लॉक वर जातो तेव्हा आपण तो वाचायचा. आपण पाठवतो ते बिटही क्लॉक खाली असताना बदलायचे, म्हणजे तो वर जाताना चिप ते उचलते. चिपशी बोलण्याच्या या पद्धतीला एसपीआय म्हणतात; प्रोग्रॅममध्ये एसपीआय मोड ० निवडलात की हे आपोआप होतं. मोड ३ सुद्धा चालतो; १ आणि २ नाही.

पहिल्यांदा मात्र तयार लायब्ररी (आधीच लिहून ठेवलेला कोड) बाजूला ठेवा आणि ठोके हाताने द्या. असा छोटा प्रोग्रॅम लिहा की कीबोर्डवर एंटर दाबलं की क्लॉकची पिन एकदा वर, पुन्हा दाबलं की खाली. चिप सिलेक्टची, म्हणजे चिपला जागं करणारी, पिन शून्यावर आणा आणि शेवटपर्यंत तशीच राहू द्या. मध्येच वर गेली तर चिप चालू आज्ञा विसरते. आता ओळख विचारण्याची आज्ञा ९एफ, म्हणजे १००१११११, डावीकडून एकेक बिट पाठवा. आठवा ठोका खाली आला की चिपच्या डेटा आउट पिनवर मल्टिमीटर लावा. आम्ही टेबलावर हेच केलं. भाचा एंटर दाबत होता, मी काटे धरून दर वेळी क्लॉक वर गेला की आकडा वाचत होतो: ३.३, ३.३, ३.३, शून्य, मग सलग चार वेळा ३.३. कागदावर स्वच्छ १११०११११ उतरलं. ईएफ! साध्या मीटरने मेमरी चिप वाचता येते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे जमलं की लायब्ररीकडे या, पण क्लॉक १ मेगाहर्ट्झच ठेवा. साठवलेली माहिती वाचायला आज्ञा ०३, त्यामागे पत्त्याचे तीन बाइट, मोठा बाइट आधी. मग ठोके देत राहा. पत्ता चिप स्वतःच पुढे नेते. कोरी जागा एफएफ दिसते. २५६ बाइट वाचायला २०८० ठोके लागतात, म्हणजे जेमतेम २ मिलिसेकंद. अख्खी ८ मेगाबाइटची चिपसुद्धा ६७ सेकंदांत वाचून होते. गच्चीवरच्या तापमानाला याहून घाई कशाला?

भाच्याने क्लॉक ठेवला होता ६२.५ मेगाहर्ट्झ. तिथे अर्धा ठोका ८ नॅनोसेकंदांचा. क्लॉक खाली आल्यावर बिट बाहेर ठेवायला चिपला ६-७ नॅनोसेकंद लागू शकतात. त्याच्या वायरी वीतभर लांब. त्यातून जायला साधारण एक आणि परत यायला एक नॅनोसेकंद. बेरीज ८ किंवा ९. म्हणजे नवा बिट पोचायच्या आत आपण वाचून मोकळे, आणि हाती येतो मागचाच बिट. ईएफ ४० १७ बायनरीत लिहून एक घर उजवीकडे सरकवा: ७७ ए० ०बी. पहिला बिट कसाही येतो, म्हणून कधी ७७, कधी एफ७. आकडे असे एक घर सरकलेले दिसले की चिपवर राग काढू नका, क्लॉक कमी करा. सगळेच एफएफ किंवा सगळेच शून्य आले तर आधी वायरी तपासा.

वेग खरंच हवा असेल तर क्लॉक दुप्पट करत जा आणि दर वेळी तोच तुकडा वाचून १ मेगाहर्ट्झला वाचलेल्याशी ताडून पाहा. जिथे फरक पडतो त्याच्या निम्म्याहून खाली थांबा. ०३ ही आज्ञा ५० मेगाहर्ट्झच्या पुढे वापरायचीच नाही. त्यापुढे ०बी आहे. तिच्यात पत्त्यानंतर एक रिकामा बाइट पाठवावा लागतो, तेवढ्यात चिप आतून माहिती काढून तयार ठेवते.

आम्ही जेल रोडवरून मीटरभर वायर आणली, बोटभर लांबीचे तुकडे कापून जोडले आणि क्लॉक ४ मेगाहर्ट्झवर ठेवला. रात्री अकराला गच्चीवरून आलेली पहिली साठ मिनिटं त्याने दोनदा वाचली. दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या.