जुना एसी काढून नवा बसवताना

भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि आमची खोली थेट स्लॅबखाली. तेरा वर्षांच्या एसीने मान टाकली तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, 38 हजारांत काम होईल." झालं 51 हजारांत.

मशीन 38,000च होतं. सोबत तांब्याचा पाइप आला तीन मीटर. आमचं आउटडोअर (बाहेरचं युनिट) गच्चीवर, आणखी पाच मीटर लागला, 4,500. स्टॅबिलायझर 3,200, वायर आणि एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) 2,600, फिटिंग 1,800, स्टँड 900. म्हणून आधी टेपने अंतर मोजा, मगच भाव विचारा.

"जुनाच पाइप चालवा," असं मीही म्हटलं होतं. जुन्यात आर-22 गॅस होता, नव्यात आर-32. त्याचा दाब जास्त, कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं. जुन्या तेलाचा अंश नव्या मशीनला बाधतो. जोडणीनंतर व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा ओढून काढणारा) लावायलाच सांगा. "गरज नाही ताई" म्हणणाऱ्या फिटिंगवाल्या भाऊला चहा पाजा, पण पंप आणायला लावा.

जुना एसी एक्स्चेंजला देण्याआधी भंगारवाल्याला विचारा. दुकानात 2,000 मिळत होते, त्याने 3,700 दिले. आत तांबं असतं ना.

बिलावर जीएसटी 18 टक्केच आहे का पाहा. 22 सप्टेंबर 2025पूर्वी तो 28 होता.

स्टार लेबलवरचे विजेचे वार्षिक युनिट वर्षाला 1,600 तास वापर धरून असतात. रात्रभर चालवणार असाल तर पाच स्टार, दुपारपुरता हवा तर तीन पुरे.

आणि खरेदी फेब्रुवारीत उरका. आखाजीला (अक्षय तृतीयेला) फिटिंगवाला फोनच उचलत नाही.