बिअर्डीचं पिल्लू विचित्र वागतंय? बेळगावच्या हवेत या चुका टाळा

बेळगावात मृगाचा पाऊस धरला की बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे लाडानं 'बिअर्डी' म्हणतात तो पाळीव सरडा, पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार सुरू होते. "पिल्लू काही खाईना झालंय, नुसतं डोळे मिटून पडतंय." मे महिन्यात हेच पिल्लू समोर येईल तो किडा मटकावत असतं. मग घरचे घाबरतात. कुणी नेटवर शोधून औषधाचं नाव काढतं, कुणी ड्रॉपरनं ग्लुकोजचं पाणी पाजतं. बहुतेक वेळा पिल्लाला हवी असते ती ऊब. ऑस्ट्रेलियाच्या मध्य आणि पूर्व भागातल्या कोरड्या माळरानावरचा हा प्राणी. त्याचं अंग आतून गरम होत नाही; पोटातला किडा पचवायलासुद्धा त्याला बाहेरची उष्णता लागते. आणि आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, जून ते सप्टेंबर ढगाखाली. खानापूर-जांबोटीकडे तर भिंतींना ओल येते. अथणी, चिकोडीकडची हवा त्या मानानं कोरडी, तिथल्या पाळणाऱ्यांचा हा त्रास थोडा कमी. म्हणून पिल्लाचं वागणं बदललं की आधी टँक, म्हणजे त्याची काचेची पेटी, तपासायचा, मग पिल्लू.

काचेवरच्या थर्मामीटरवर विसंबणं

टिळकवाडीतल्या एका घरी पाहिलेलं सांगतो. टँकच्या काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर ३४ दाखवत होता, त्यामुळे घरचे निश्चिंत. बल्बखाली पिल्लू ज्या ओंडक्यावर बसतं, त्यावर वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर ठेवला, तर २९. काचेवरचा थर्मामीटर होता बल्बच्या उंचीला आणि ओंडका त्याच्या हातभर खाली. ओंडका काढून दोन विटा रचल्या, वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. तासाभरात फरशी ४० वर गेली. पिल्लू वर चढलं, अंग पसरून पोळीसारखं चपटं झालं. पाठीचा काळपट रंग हळूहळू उतरून पिवळसर झाला, आणि दुपारी ते आपणहून क्रिकेटच्या, म्हणजे खायला सोडलेल्या रातकिड्याच्या, मागं धावलं. औषध काही लागलं नाही.

पिल्लासाठी बल्बखालची जागा ४० ते ४३ अंश सेल्सिअस आणि टँकची दुसरी बाजू २५ ते २९ अंश असावी. दोन्ही टोकं लागतात, कारण गरम झाल्यावर त्याला सरकायला गार जागा हवी. रात्री २० च्या आसपास उतरलं तरी चालतं. पण डिसेंबर-जानेवारीत कौलारू घरातली खोली १८ च्या खाली जात असेल, तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. रात्रभर लाल किंवा निळा बल्ब लावू नका, झोपमोड होते. दुकानात मिळणारा गरम होणारा नकली दगडही नको. हा प्राणी ऊन वरून घेतो, पोटाखाली चटका बसतोय हे त्याला वेळेवर कळत नाही आणि कातडी भाजून निघते.

सकाळी बल्ब लावल्यावर अंग काळपट दिसलं तर काळजी करू नका, गडद रंगात उष्णता लवकर शोषली जाते. तासा-दोन तासांत रंग उजळायला हवा. दिवसभर काळाच राहिला तर फरशीचं तापमान मोजा.

तोंड उघडलं म्हणजे चिडलं, हात हलवला म्हणजे नमस्कार

"काका, हा मला बघून हात हलवतोय की!" शहापूरच्या एका मुलानं मोठ्या कौतुकानं व्हिडिओ दाखवला. पिल्लू पुढचा एक पाय उचलून गोल फिरवत होतं. ही खूण शरणागतीची आहे: मी लहान आहे, मला काही करू नकोस. समोर मोठं कुणी दिसलं की पिल्लं असं करतात. अधूनमधून केलं तर त्यात आजार नाही. सारखंच करत असेल तर ते कुणाला घाबरतंय ते शोधायचं. या मुलाच्या टँकमध्ये दोन पिल्लं होती. दुसरं अंगानं मोठं, डोकं झटक्यानं वर-खाली करणारं, आणि बल्बखाली पहिल्याच्या पाठीवर चढून बसणारं. घरच्यांना त्यात माया दिसत होती. प्रत्यक्षात मोठं पिल्लू ऊन अडवत होतं, खाणंही पळवत होतं. धाकट्याच्या शेपटीचं टोक तोवर कुरतडलं गेलं होतं. घरातल्या पालीची शेपटी परत येते, याची येत नाही. दोन पिल्लं एका टँकमध्ये कधीच ठेवू नयेत, मग दुकानदार काहीही सांगो.

तोंड उघडं ठेवणं ही दुसरी खूण, आणि इथं नीट बघावं लागतं. बल्बखाली बसून शांतपणे तोंड उघडलं असेल तर ते जादाची उष्णता बाहेर टाकतंय. याला घाम येत नाही. थोड्या वेळानं ते स्वतःच गार बाजूला जाईल. मात्र गार बाजूला बसूनही तोंड उघडं, मान वर ताणलेली, श्वासाबरोबर टिकटिक किंवा घरघर, नाका-तोंडाशी चिकट बुडबुडे, हे दिसलं तर श्वसनमार्गाचा संसर्ग असू शकतो. पावसाळ्यात आपल्याकडं या आजाराला पोषक हवा असते. टँकमधली आर्द्रता ३० ते ४० टक्के हवी, आणि जुलैत खोलीतच ती ८० च्या पुढं असते. पाण्याची मोठी वाटी काढून घ्या, फवारणी बंद करा, वरची जाळी झाकू नका. आंघोळ घातलीच तर अंग कोरडं करून लगेच बल्बखाली सोडा. घरघर ऐकू आली असेल तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, काळी होणं म्हणजे राग, भीती किंवा वेदना. हात घातल्यावर काळी झाली आणि थोड्या वेळात निवळली तर सोडून द्या. तासन्तास काळी आणि पिल्लू सुस्त, तर काहीतरी दुखतंय.

काचेवर पाय घासत उभं राहणं बऱ्याचदा काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबामुळं होतं. तीन बाजूंनी बाहेरून कागद लावून बघा. तरी थांबलं नाही तर टँक फार तापलाय का, किंवा लहान पडतोय का, ते पाहा. नवीन घरी आणल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे पोटावर गडद रेघा दिसणं, कमी खाणं, लपून बसणं चालायचंच. त्या दिवसांत शेजारच्या मुलांना दाखवायला सारखं बाहेर काढू नका.

खिडकीतलं ऊन पुरतं, हा समज

माझ्या मते पिल्लांचं सर्वांत जास्त नुकसान या समजानं होतं. उन्हातला जो यूव्हीबी (अतिनील) किरण लागतो, तो खिडकीच्या काचेतून आत येत नाही. यूव्हीबी नाही तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचत नाही, आणि शरीर हाडातलंच कॅल्शियम ओढू लागतं. वाढत्या पिल्लात हे झपाट्यानं होतं.

सुरुवात बारीक असते. पिल्लू हातावर घ्या आणि मागच्या पायाची बोटं बघा. ती आपोआप थरथरतात, सुतासारखी, पिल्लू निवांत बसलेलं असतानासुद्धा. पुढं जबडा मऊ पडतो, चालताना पोट जमिनीवरून उचलत नाही, पाय वाकडे होतात, शेपटीला किंवा पाठीला बाक येतो. ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरात असलेलं माणसांचं कॅल्शियमचं सिरप पाजून बघू नका, डी३ जास्त झालं तरी अपाय होतो. पायांची ओढाताण दिसली की उचलताना छाती आणि पोटाखाली पूर्ण तळहाताचा आधार द्या. हाडं इतकी कच्ची झालेली असतात की धडपडीत मोडू शकतात.

उपाय महाग आहे, पण त्याला पर्याय नाही. टँकच्या लांबीच्या अर्ध्याहून जास्त भागावर येणारी १० ते १२ टक्क्यांची टी५ यूव्हीबी ट्यूब घ्या. ट्यूब आणि पिल्लू यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको. बारीक जाळीसुद्धा बराच किरण अडवते. ट्यूब पेटते आहे म्हणजे किरण निघतोय असंही नाही. उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी कमी होत जातो. कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत, साधारण ६ ते १२ महिन्यांत, ती बदला. विकत घेतल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला लिहून ठेवा. दिवे १२ ते १४ तास, टायमरवर.

उघडीप मिळाली की जाळीच्या पिंजऱ्यात १५-२० मिनिटं कोवळं ऊन दिलं तर उत्तमच. अर्ध्या पिंजऱ्यावर सावली असावी आणि माणूस शेजारी बसलेला असावा, कावळे आणि घारी टपलेल्या असतात. काचेचा टँक मात्र कधीही उन्हात ठेवू नये. काही मिनिटांत आतली हवा जीव घेण्याइतकी तापते.

शेतातले नाकतोडे आणि पालकाची जुडी

गावाकडची मुलं हौसेनं बांधावरचे नाकतोडे पकडून आणतात. ऊस, सोयाबीन, निपाणीकडचा तंबाखू, सगळीकडं फवारणी होते, आणि ते विष किड्यातून पिल्लाच्या पोटात जातं. मेच्या शेवटी खानापूर-चोर्ल्याच्या झाडीत काजवे चमकतात; काजवा तर एकही देऊ नये. त्याच्या अंगातल्या विषानं बिअर्डी मेल्याच्या नोंदी आहेत. घरी वाढवलेले क्रिकेट किंवा डुबिया झुरळं द्या. आकार पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मोठा किडा, त्यात टँक गार आणि अंगात पाणी कमी, असं जुळलं की पोट तटतं. टँकमध्ये वाळू पसरणंही याच कारणासाठी नको, पिल्लांना साधा वर्तमानपत्राचा कागद बरा.

पहिल्या तीन-चार महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, १०-१५ मिनिटांत खाईल तितके किडे द्यायचे. उरलेले क्रिकेट काढून घ्या. रात्री झोपलेल्या पिल्लाला ते चावतात. किड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरवायची, आणि किती ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. पाल्यात पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, दुधी, जास्वंदाच्या पाकळ्या आलटून पालटून द्या. पाल्याकडं पिल्लानं ढुंकून पाहिलं नाही तरी रोज ठेवत जा, वाढत्या वयात आवड लागते.

संध्याकाळी दिवे बंद होण्याआधी दोन तास खाणं थांबवायचं. पावसात लाईट गेली तर तेव्हाही खायला घालू नये, गार अंगात किडा पचत नाही, कुजतो. हीट बल्ब इन्व्हर्टरवर फार वेळ टिकत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टँकमध्ये ठेवा, बाहेरून चादर लपेटा, हवेला फट ठेवा.

कात आणि झोप

कात टाकण्याआधी रंग फिका पडतो, भूक कमी होते, चिडचिड वाढते. डोळे क्षणभर फुगून बाहेर येतात, ते पाहून लोक हादरतात. पण त्यात धोका नाही. कात ओढायची नाही. खोबरेल चोळून ओढायची तर मुळीच नाही. बोटांवर किंवा शेपटीच्या टोकावर कातीचं कडं अडकून राहिलं तर कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवा आणि ओल्या मऊ ब्रशनं हलकेच फिरवा. तसंच राहिलं तर रक्तपुरवठा तुटून बोट काळं पडतं.

थंडीत मोठे बिअर्डी आठवडेच्या आठवडे झोपून काढतात हे खरं. ते वाचून वर्षाखालच्या पिल्लालाही "झोपू दे, त्यांचं असंच असतं" म्हणून सोडणं धोक्याचं आहे. पिल्लाकडं तेवढा साठा नसतो. ते दिवसा झोपत असेल तर गारठा, जंत, संसर्ग किंवा कॅल्शियमची कमतरता यांपैकी काहीतरी आहे असं धरून चालावं.

नुसत्या डोळ्यांनी अंदाज चुकतो, म्हणून स्वयंपाकघरातल्यासारखा ग्रॅमचा डिजिटल काटा वेगळा घ्या आणि दर आठवड्याला वजन लिहा. पिल्लाचं वजन वाढतच गेलं पाहिजे. दोन आठवडे अडलं, किंवा घटलं, आणि टँकचं तापमान व ट्यूब ठीक आहे, तर डॉक्टर. विष्ठा दोन दिवसांहून जास्त पातळ आणि उग्र वासाची असेल तरीही. डोकं मागं वळवून आकाशाकडं टक लावत असेल, तोल जात असेल, तर लगेच.

आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्र्यांत मुरलेले असतात. सरपटणारे प्राणी बघता का, हे आधी फोनवर विचारा. नाही म्हणाले तर पुणे किंवा बेंगळुरूच्या डॉक्टरांना व्हिडिओ पाठवून सल्ला घ्या आणि गरज पडली तरच प्रवास करा. निघण्याआधी खायला घालू नका. भोकं पाडलेल्या लहान खोक्यात मऊ फडकं घालून न्या, एसीच्या झोतापासून लांब. सोबत त्या दिवशीची ताजी विष्ठा डबीत, वजनाची वही, ट्यूबच्या खोक्याचा फोटो आणि विचित्र वागण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ असू द्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर ते पिल्लू बहुतेकदा गप्प बसून राहतं. परत आल्यावर हात साबणानं धुवा, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या हाती ते देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.