हाफ इंजिन काम झाल्यावर: ऑइल आणि पहिले 500 किलोमीटर

स्प्लेंडरचं हाफ इंजिन काम झालं, म्हणजे बोअर-पिस्टन बदललं, की गाडी स्टँडवर लावून, समोर टेबल फॅन ठेवून तासभर चालू सोडायची पद्धत अजून बऱ्याच गॅरेजांत आहे. ती करू देऊ नका. पिस्टनवरची नवी रिंग सिलिंडरला घासून बसते ती जळणाऱ्या वायूच्या दाबाने. तो दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीकडे रेटतो. उभ्या गाडीत तो दाब फारसा नसतोच. मग रिंग बसायच्या आत होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून घासून पाडलेल्या, तिरक्या रेघा गुळगुळीत होतात आणि गाडी ऑइल खायला लागते.

सुरुवात जोडणीपासून. बोअर करून आलेला सिलिंडर नुसता पेट्रोलने पुसून चालत नाही, होनिंगची पूड रेघांत राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा. पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटायचा थांबला की झालं. कोरडा करून लगेच ऑइलचा हात फिरवा, बीड (ओतीव लोखंड) गंजायला वेळ लागत नाही. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. पिस्टनला ऑइलचे थोडेच थेंब पुरेत. वाल्व उघडणाऱ्या कॅम-रॉकरला आणि पिस्टन पिनला मात्र सढळ हाताने लावा.

या गाडीला कागदी फिल्टर नसतो. क्लच कव्हरच्या आत जाळी आणि क्रँकवरचा गोल फिल्टर असतो. जुन्या पिस्टनचा कीस तिथेच साठतो, म्हणून दोन्ही साफ झालेत हे स्वतः बघा.

आता साधं मिनरल ऑइल भरा. सिंथेटिक नको, वरून घालायचं कुठलंही औषध तर नकोच. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, अशा औषधाने तो घसरू शकतो. प्लग काढून, चावी बंद ठेवून सावकाश किका मारा. टॅपेटचं झाकण उघडून रॉकरपाशी ऑइल पोचलंय का पाहा, मगच प्लग लावा.

चालू झाली की दोन-तीन मिनिटांत रस्त्यावर काढा. सुरुवातीला थोडा धूर येईल, तो जोडताना लावलेल्या ऑइलचा. पंधरा-वीस मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा काढा. वेग 50 च्या आत ठेवा, पण एकाच वेगाने रेटू नका: दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये थोडी ओढा, मग ॲक्सिलरेटर सोडून गिअरवरच मंदावू द्या. चौथ्यात चाळीसच्या खाली रडतखडत नेणं हे ‘जपून चालवणं’ नव्हे, उलट त्याने इंजिन गुदमरतं. डबलसीट घाट मात्र महिनाभर विसरा.

पहिलं ऑइल 100 किलोमीटरच्या आसपास गरम असतानाच काढा. उन्हात धरल्यावर बारीक चंदेरी चमक दिसली तर ठीक. बोटाला लागणारे कपचे आले तर इंजिन पुन्हा खोलावं लागेल. 500 ला परत बदला, आणि गार इंजिनवर टॅपेटची (वाल्वची) फट तपासून घ्या. त्यानंतरही निळा धूर येत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. जाड ऑइल भरून धूर दाबायला कुणी सुचवलं तर नको म्हणा.