दोन ज्युनियर, एक वही: सिम हॉकी लीगमधली चुरस कशी मोजावी

मी सांगलीचा. अठ्ठावीस वर्षं स्थानिक क्रिकेट सामन्यांचा स्कोअर लिहिला. बर्फावरच्या हॉकीशी माझी ओळख झाली ती कॅनडात, ब्रॅम्प्टनला, भाच्याच्या घरी. तो एका सिम लीगमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली लीगमध्ये, खेळतो. तिथे प्रत्येकजण एक खेळाडू घडवतो: नाव, जागा, डावखुरा की उजवा. आठवड्याला नेमून दिलेली कामं केली की गुण मिळतात. ते गुण स्केटिंग, शॉट, पास, बचाव यांत वाटायचे. सामने मात्र संगणकावरचा गेम खेळतो, त्यात माणसाचा हात नसतो. नवा खेळाडू पहिले काही हंगाम ज्युनियर लीगमध्ये काढतो, मग ड्राफ्टमधून, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीतून, मोठ्या लीगमध्ये जातो.

भाच्याचा एक सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरचा आक्रमक खेळाडू, आहे, त्याच्या मित्राचाही एक सेंटर आहे. मित्राचा एक हंगाम आधी आला, पण ड्राफ्टला दोघे एकाच वर्षी. ड्राफ्टच्या आधल्या रविवारी जेवताना वाद पेटला, ज्युनियरमध्ये भारी कोण? भाचा म्हणाला, "मामा, या हंगामात पॉइंट माझ्याचे जास्त आहेत. विषय संपला." मी म्हटलं, "ताट बाजूला सार आणि वही आण." त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री जे केलं ते इथे लिहितो, कारण असा वाद प्रत्येक सिम लीगमध्ये असतो आणि बहुतेक ठिकाणी तो नुसत्या पॉइंटच्या बेरजेवर मिटवतात. ते दोन्ही खेळाडूंवर अन्याय करणारं आहे.

एक खुलासा आधी करतो. खाली मी "पॉइंट" म्हणेन ते गोल अधिक असिस्ट (गोलआधीचे पास), आणि "गुण" म्हणेन ते मालकाने, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या माणसाने, कामं करून कमावलेले. ही दोन खाती वेगळी ठेवा. आमची पहिली रात्र या दोन्हींची सरमिसळ निस्तरण्यातच गेली.

स्वतःच्या खेळाडूवर जीव असतो, त्यामुळे हात बसवायला आधी कुणातरी परक्यांची जोडी घ्या. आम्ही टेलर हॉल आणि टायलर सेगिन घेतले. ऑन्टारिओ हॉकी लीग या ज्युनियर लीगमधले हे खरे खेळाडू, मोठ्या लीगच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या, 2010 च्या ड्राफ्टमधले पहिले दोन. सेगिन ब्रॅम्प्टनचाच, म्हणून भाच्याचा त्याच्याकडे ओढा. हॉल विंडसरकडून खेळायचा, सेगिन प्लिमथकडून. एक शहर कॅनडातलं, दुसरं नदीपलीकडे अमेरिकेत, डेट्रॉइटच्या उपनगरांतलं.

2009-10 च्या हंगामात दोघांचेही पॉइंट 106. हॉलचे 40 गोल आणि 66 असिस्ट, सेगिनचे 48 गोल आणि 58 असिस्ट. बेरजेवर निकाल द्यायचा तर वाद इथेच बरोबरीत सुटला. पण शेजारचा रकाना बघा. हॉल 57 सामने खेळला, सेगिन 63. म्हणजे हॉलचे सामन्यामागे 1.86 पॉइंट आणि सेगिनचे 1.68. त्याच वेगाने हॉल 63 सामने खेळला असता तर 117 च्या आसपास गेला असता. त्या हिवाळ्यात हॉल कॅनडाच्या ज्युनियर संघाकडून जागतिक स्पर्धेतही खेळला. तिथली कामगिरी लीगच्या खात्यात येत नाही, म्हणून ती वेगळ्या ओळीत लिहायची, बेरजेत नाही.

भाच्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब, वयाचा रकाना राहिलाय.

हॉलचा जन्म 14 नोव्हेंबर 1991 चा, सेगिनचा 31 जानेवारी 1992 चा. अंतर 78 दिवसांचं. मोठ्या लीगच्या ड्राफ्टची वयाची रेषा 15 सप्टेंबरला पडते, म्हणून तिथे दोघे एका तुकडीत. ज्युनियर लीगमध्ये मात्र जन्मसालाप्रमाणे घेतात, त्यामुळे हॉल एक वर्ष आधी आत आला. त्याला तीन हंगाम मिळाले, सेगिनला दोन. आता हंगामाला हंगाम लावून बघा. पहिल्या हंगामात हॉलने 63 सामन्यांत 84 पॉइंट केले, सेगिनने 61 सामन्यांत 67. इथे हॉल स्पष्ट पुढे. दुसऱ्या हंगामात हॉलचे 63 सामन्यांत 90, सेगिनचे तेवढ्याच सामन्यांत 106. इथे सेगिन पुढे. आकडे तेच, फक्त कुणाच्या समोर कुणाला ठेवलं यावर पारडं फिरतं. म्हणून वहीत पान दुभागून एकीकडे "त्याच वर्षी" आणि दुसरीकडे "तितक्याच अनुभवावर" असे दोन तक्ते करा. एकच तक्ता करणाऱ्याने नकळत आधीच बाजू घेतलेली असते.

आता सिमकडे या, कारण इथे वयाचा अर्थच बदलतो. खऱ्या पोराचं शरीर कॅलेंडरप्रमाणे वाढतं. सिममधला खेळाडू वाढतो तो मालकाने कमावलेल्या गुणांनी. परीक्षेच्या महिन्यात मालकाने कामं केली नाहीत तर त्याचा खेळाडू तेवढे दिवस जिथल्या तिथे राहतो, मग हंगाम कितवा का असेना. तेव्हा तिसरा तक्ता करा, आणि माझ्या मते तोच मुख्य: "तितक्याच गुणांवर". प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला कुणाचे किती गुण होते ते लीगच्या नोंदींतून काढा आणि ज्या दोन हंगामांत ते जवळपास सारखे होते तेच हंगाम समोरासमोर ठेवा. आमच्याकडे मित्राच्या सेंटरचा तिसरा हंगाम भाच्याच्या सेंटरच्या दुसऱ्याशी जुळला. मित्राला मधे नोकरी लागली होती, काही आठवडे कामं सुटली होती. भाच्याने एकही आठवडा चुकवला नव्हता. ही मेहनत खरीच आहे आणि तिचं कौतुक व्हायला हवं, पण स्वतंत्र रकान्यात. मालक किती राबला आणि खेळाडू कसा खेळला हे दोन प्रश्न आहेत.

गुण कुठे घातले तेही बघा. एकाने सगळे शॉटमध्ये ओतले आणि दुसऱ्याने पास व बचावात वाटले, तर पहिल्याचे गोल जास्त दिसणारच. दुसऱ्याच्या पानावर मग प्लस-मायनस (तो बर्फावर असतानाचे आपल्या संघाचे गोल वजा समोरच्यांचे), अडवलेले शॉट, फेसऑफ (खेळ सुरू करताना चकतीसाठीची झुंज) हे रकाने काढल्याशिवाय त्याला न्याय मिळत नाही.

बर्फावरच्या मिनिटांचा रकाना कुणी सोडू नये. पॉइंटला 60 ने गुणा आणि एकूण मिनिटांनी भागा. समजा एकजण 60 सामने, सामन्याला 20 मिनिटं खेळून 60 पॉइंट करतो. त्याची 1200 मिनिटं झाली, दर तासाला 3 पॉइंट. दुसरा तितकेच सामने 15 मिनिटांप्रमाणे खेळून 51 करतो. त्याची 900 मिनिटं, दर तासाला 3.4. बेरजेत नऊने मागे असलेला पोरगा मिनिटांच्या हिशेबात पुढे निघाला. पहिल्या लाईनवर, म्हणजे मुख्य आक्रमक फळीत, कोण खेळणार हे संघाचा व्यवस्थापक ठरवतो, खेळाडूच्या हातात ते नसतं. पॉवर प्लेची मिनिटं जमली तर वेगळी काढा. समोरचा एक माणूस बाहेर बसलेला असताना केलेले पॉइंट आणि पाचास पाच असतानाचे पॉइंट एका मापाने मोजू नयेत.

असिस्टचंही तसंच. एका गोलला दोन असिस्टपर्यंत मिळतात आणि सामन्याच्या नोंदीत ती नावं क्रमाने येतात. पहिलं नाव म्हणजे शेवटचा पास देणारा. आम्ही दोन्ही सेंटरचे सगळे सामने उघडून पहिले आणि दुसरे असिस्ट वेगळे केले. काम कंटाळवाणं आहे, एक अख्खी संध्याकाळ गेली. तरी करा. कोण गोल घडवतोय आणि कोण चांगल्या सोबतीमुळे नोंदीत येतोय, हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या रकान्यात दिसत नाही.

सोबतीवरून मला विजय हजाऱ्यांची गोष्ट सांगावीच लागली. हजारे आमच्या सांगलीत जन्मलेले. 1943-44 च्या पंचरंगी, म्हणजे धर्मवार पाच संघांच्या, क्रिकेट सामन्यांत त्यांची आणि विजय मर्चंट यांची चुरस लागली होती. अंतिम सामन्यात मर्चंट हिंदू संघाकडून नाबाद 250, संघ 5 बाद 581. हजाऱ्यांचा "इतर" नावाचा संघ 133 मध्ये गारद, फॉलोऑन. दुसऱ्या डावात संघाच्या 387, त्यांतल्या हजाऱ्यांच्या एकट्याच्या 309. शेकडा ऐंशीच्या घरात! तरी संघ एक डाव आणि 61 धावांनी हरला. निकालाचा कागद मर्चंट यांच्या बाजूने, संघातल्या वाट्याचा कागद हजाऱ्यांच्या. हे दोन्ही कागद जपून ठेवावे लागतात.

हॉकीत हा वाटा काढणं सोपं आहे. खेळाडू ज्या सामन्यांत होता त्या सामन्यांतले संघाचे एकूण गोल घ्या आणि त्यांतल्या कितींवर त्याचं नाव आहे ते बघा. दुबळ्या संघात वाटा फुगतो, कारण दुसरं कुणी गोल करणारं नसतं. तगड्या संघात पॉइंट फुगतात, कारण पास झेलणारे चांगले असतात. म्हणून वाटा आणि पॉइंट शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत पुढे असेल तोच निर्विवाद पुढे.

आता नशीब. क्रिकेटच्या वहीत सुटलेल्या झेलाला रकाना नसतो, पण मी समासात बारीक टिंब देऊन ठेवायचो. सिममध्ये हे टिंब गणिताने देता येतं. गोलांसारख्या मोजक्या घटनांत नशिबाने होणारी हालचाल साधारण आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते. 25 गोल करणारा, कौशल्य तेच असताना, 20 किंवा 30 वरही सहज थांबला असता. दोघांची तुलना करताना दोघांचे गोल मिळवा आणि बेरजेचं वर्गमूळ काढा. हॉल आणि सेगिनचे 40 आणि 48 मिळून 88, वर्गमूळ 9.4. फरक आहे 8 चा. म्हणजे "सेगिन चांगला गोल करणारा" हे त्या एका हंगामाच्या गोलांवरून ठामपणे म्हणता येत नाही. फरक या वर्गमुळाच्या दुपटीपुढे गेला तरच मी पेन्सिल ठेवून शाईचं पेन उचलतो.

शिवाय सिममध्ये एक सोय आहे जी खऱ्या खेळात कुणालाच कधी मिळणार नाही: तोच हंगाम पुन्हा खेळवता येतो. लीग चालवणाऱ्याकडे हंगामाच्या सुरुवातीची प्रत असेल तर तिची नक्कल मागा. मूळ फाईलला हात लावू नका, निकाल तेच राहू द्या. नक्कल निदान वीस वेळा चालवा आणि दर खेपेला दोघांचे पॉइंट लिहा. आमच्या लीगच्या माणसाने आनंदाने प्रत दिली. निम्म्याहून थोड्या जास्त वेळा भाच्याचा सेंटर पुढे आला, उरलेल्या वेळा मित्राचा. ज्या फरकावर रविवारचं जेवण थांबलं होतं तो नुसता फाशांचा खेळ होता. भाचा बराच वेळ पडद्याकडे बघत बसला, मग स्वतःच म्हणाला, "शंभर वेळा चालवूया का?" चालवा, जितकं जास्त तितकं बरं.

प्लेऑफवर, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांवर, मी फार वेळ घालवत नाही, सामने थोडे असतात. पण रकाना रिकामाही सोडू नये. हॉलने 2010 च्या प्लेऑफमध्ये 19 सामन्यांत 35 पॉइंट केले. 2009 आणि 2010, दोन्ही वर्षी विंडसरने मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर लीगांच्या विजेत्यांची स्पर्धा, जिंकला आणि दोन्ही वेळा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हॉलच होता. असं दोनदा करणारा तो पहिलाच. इतकं असताना लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्या हंगामात निवड झाली ती सेगिनची. या दोन मानांत मला विसंगती दिसत नाही. एक मान 68 सामन्यांच्या लांब हंगामाचा, दुसरा मोजक्या दिवसांच्या स्पर्धेचा. वहीत त्यांना वेगळी पानं द्या.

आणि पान कुठे बंद करायचं ते आधी ठरवा. हॉल-सेगिनचं पान आम्ही 25 जून 2010 ला, ड्राफ्टच्या दिवशी बंद केलं. पुढच्याच वर्षी सेगिनने बोस्टनसोबत मोठ्या लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप उचलला आणि 2018 मध्ये हॉलला मोठ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं गेलं. ज्युनियरच्या पानावर यातलं काही येता कामा नये. पुढचं माहीत असलं की मागचे आकडे आपण तसेच वाचायला लागतो. सिममध्येही जुन्या खेळाडूंची जोडी घेतलीत तर ड्राफ्टनंतरच्या नोंदी कुणाला तरी झाकून ठेवायला सांगा.

शेवटचं काम मैदानावरच्या सवयीचं आहे. क्रिकेटमध्ये दोन्ही संघांचे स्कोअरर एका टेबलाशी बसतात आणि षटकागणिक आकडे पडताळतात. तिसऱ्या रात्री मी भाच्याच्या मित्राला घरी बोलावलं. भाच्याने मित्राच्या सेंटरचं पान वाचायचं, मित्राने भाच्याच्या. दोन ठिकाणी चूक सापडली: एक असिस्ट दोनदा धरला होता आणि दुखापतीमुळे हुकलेले चार सामने खेळलेल्यांत मोजले होते. दोन्ही चुका आमच्याच बाजूच्या होत्या. त्या लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या. मग "तितक्याच गुणांवर" या तक्त्यात मित्राचा सेंटर पाच रकान्यांत पुढे, भाच्याचा चार रकान्यांत, असं लिहून खाली दोघांनी सह्या केल्या.