ट्रान्सप्लांटनंतर घरातल्या बुरशीपासून कसं सांभाळायचं

सासूबाईंनी ह्यांना किडनी दिली, त्याला चार वर्षं होतील. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बुरशीपासून जपा." म्हणजे नक्की काय करू, हे विचारायचं मला तेव्हा सुचलंच नाही. हळूहळू कळत गेलं ते लिहिते.

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नव्या किडनीवर धावून जाईल. त्यामुळे जी बुरशी तुमच्या-माझ्या नाकातून रोज आत जाते आणि काही करत नाही, तीच ह्यांच्या फुफ्फुसात ठाण मांडू शकते.

आमच्याकडे मराठवाड्यात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. पण ओल्या ताट्यांमधून येणारा वारा थेट तोंडावर, हे मी बंदच केलं. ह्यांच्या खोलीत पंखा लावतो, कूलर बाहेरच्या खोलीत. कुंड्यांची माती मी उकरते, तेव्हा हे आत असतात. शेजारी बांधकाम निघालं तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्या आणि बाहेर जाताना एन-९५ मास्क. कापडी मास्क त्या धुळीला पुरत नाही. पारव्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असू शकते, ती मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. म्हणून डक्टला जाळी बसवली. विष्ठा कोरडी झाडायची नाही, आधी पाणी मारायचं, आणि ते काम ह्यांनी करायचंच नाही. लोणच्यावरची बुरशी काढून तेल ओतायची सासूबाईंची जुनी सवय. त्यावरून एकदा शब्दाला शब्द लागला, पण आता बरणीच जाते.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी ह्यांच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग आले, पुसले की खाली लाल. कँडिडा, म्हणजे तीही बुरशीच. मेडिकलवाल्याने फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी दिली, मी आणली, दिली. पाचव्या दिवशी सकाळी ह्यांच्या हातातल्या बशीतून चहा सांडायला लागला, इतका हात थरथरत होता. ही गोळी लिव्हरमध्ये टॅक्रोलिमसचा निचरा अडवते, त्याची रक्तातली पातळी चढते आणि जिच्यासाठी सगळा खटाटोप, त्या किडनीलाच ती जाचते. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं. टॅक्रोलिमसचा डोस कमी केल्यावर उतरलं. व्होरिकोनॅझोल, पोसॅकोनॅझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधांचंही तेच. ती औषधं लागतातच, पण लेव्हल तपासत, डॉक्टरांनी डोस बदलून. आणि ती बंद झाली की पातळी पुन्हा खाली येते, तेव्हाही विचारायचं. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, आदल्या डोसनंतर साधारण बारा तासांनी. गोळी डबीत सोबत न्या, रक्त दिलं की तिथेच घ्या.

तापाची वाट बघू नका. स्टेरॉइडमुळे ताप दबलेला असू शकतो. हटत नसलेली डोकेदुखी म्हणजे फोन. कोरडा खोकला आणि जिना चढताना दम म्हणजे फोन. ऑक्सिमीटर नुसतं बसून लावू नका, घरातल्या घरात थोडं चालवून पुन्हा लावा. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीत बसल्यावर आकडा बरा दिसतो आणि चालल्यावर घसरतो. तिच्यासाठीच सुरुवातीचे महिने सेप्ट्रान दिली जाते, ती मनाने सोडायची नाही.

म्युकर २०२१ च्या मे महिन्यात घरोघरी माहीत झाला. "काळी बुरशी" या नावाने मात्र घोटाळा केला. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते, मग मेलेला भाग काळा पडतो. काळं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एकाच बाजूचं नाक चोंदणं, रक्ताळ स्राव, गाल बधिर होणं, वरचा दात हलणं, दोन-दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. साखर वाढलेली असली तर आणखी घाई, कारण म्युकरला ती मानवते, आणि प्रेडनिसोलोन, टॅक्रोलिमस दोन्ही साखर वाढवतात. आम्ही ग्लुकोमीटर देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवतो, समोर दिसतं म्हणून.

कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात, अगदी दाताच्या, तर पहिलं वाक्य "ट्रान्सप्लांट झालंय" हेच. गोळ्यांची यादी मी फोनच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवली आहे. तेवढं वाचल्याशिवाय कोणी काही लिहून द्यायला लागलं, की हेच आता हात आडवा घालतात.