चौकटीभोवतीची फुगलेली पट्टी: माझा अनुभव

रत्नागिरीच्या आमच्या घरी दाराची चौकट आणि गिलावा यांच्यातली भेग झाकणारी एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची) मोल्डिंग पट्टी खालून फुगून भुसभुशीत झाली होती. फरशी पुसतानाचं पाणी तिच्या टोकातून वर चढायचं.

या वेळी चांगल्या वाळलेल्या सागाच्या दोन इंची पट्ट्या घेतल्या. नक्षी मुद्दाम साधी, एका कडेला फक्त गोलाई. खोल खाचांत कोकणातल्या पावसात बुरशी धरते. सुताराकडून वरचे कोपरे ४५ अंशांत कापून घेतले. बसवण्याआधीच मागची बाजू आणि कापलेली टोकंही पॉलिश करून घेतली. हे अजिबात टाळू नका, लाकूड टोकातूनच सर्वांत जास्त पाणी पितं. खिळे फक्त चौकटीत मारले, भिंतीत नाही. खालचं टोक फरशीपासून दोन सूत (पाव इंच) वर ठेवून फटीत सिलिकॉन भरलं.